नाव, कपाट आणि पाटी : भायखळ्याच्या संग्रहालयातील मांडणीविषयी काही विचार

भायखळ्याच्या राणीच्या बागेला लागून असलेले वस्तुसंग्रहालय २ मे १८७२ रोजी लोकांसाठी खुले झाले, तेव्हा त्याचे नाव ‘व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियम’ असे होते. लंडनच्या सुप्रसिद्ध संग्रहालयाला हेच नाव मिळाले ते पुढे १८९९ मध्ये. म्हणजे नावापुरती तरी मुंबई लंडनपेक्षा वडील आहे. १ नोव्हेंबर १९७५ रोजी या संस्थेला डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव देण्यात आले. नामांतर योग्यच होते, किंबहुना ते शंभर वर्षे उशिरा झाले. कारण संग्रहालयासाठी ज्यांनी वर्गणी जमविली आणि सरकारदरबारी खेटे घातले त्यांत जगन्नाथ शंकरशेट आणि भाऊ दाजी हे अग्रभागी होते. परंतु आज मुख्य दालनात पाऊल टाकणाऱ्याच्या दृष्टीस प्रथम पडतो तो राजपुत्र आल्बर्ट यांचा भव्य संगमरवरी पुतळा. दारावर एक नाव आणि आत दुसरी मूर्ती, हा विरोध अनेकांनी पाहिला आहे आणि काहींनी त्यावर तक्रारही केली आहे. प्रस्तुत लेखकाला तो पुतळा हलवावा असे वाटत नाही. प्रश्न पुतळ्यापेक्षा खोल आहे. संग्रहालयाचे नाव बदलले, तरी तेथील कपाटे ज्या विचाराने लावली गेली तो विचार बदलला काय, आणि नसेल तर त्या कपाटांकडे आज कोणत्या दृष्टीने पाहावे, हा येथे विचारार्थ घेतलेला प्रश्न आहे.

त्यासाठी संस्थेच्या जन्माकडे वळले पाहिजे. १८५१ मध्ये लंडनला आणि १८५५ मध्ये पॅरिसला जी महाप्रदर्शने भरली, त्यांनी युरोपीय बाजारपेठेला हिंदुस्थानी मालाची नवी ओळख करून दिली. पॅरिसच्या प्रदर्शनासाठी मुंबई इलाख्यातून कच्चा माल आणि कारागिरीचे नमुने गोळा करण्यात आले आणि त्या निमित्ताने मुंबईतही तसा एक संग्रह ठेवावा अशी कल्पना पुढे आली. हा पहिला संग्रह कोटातील लष्करी बराकीत होता. १८५७ च्या उठावात बराकीची गरज लागताच तो तेथून हुसकला गेला आणि त्यातील बराचसा भाग नष्ट झाला. पुढच्याच वर्षी जॉर्ज बर्डवुड आणि भाऊ दाजी यांच्या पुढाकाराने नव्या संग्रहालयाची चळवळ सुरू झाली. १८६२ मध्ये सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते कोनशिला बसली. अमेरिकेतील यादवीमुळे कापसाचा भाव चढला, शहरात पैशांचा पूर आला, आणि १८६५ मध्ये तो ओसरला. त्यासरशी वर्गणीदारांची आश्वासनेही ओसरली. जगन्नाथ शंकरशेटही त्याच वर्षी वारले. अर्धवट राहिलेली इमारत अखेर सरकारी पैशाने पूर्ण करावी लागली.

या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. या संग्रहालयाचे मूळ पुराणवस्तूंच्या जिज्ञासेत फारसे नाही. ते व्यापाऱ्याच्या वखारीत आहे. वखारीत मालाचा नमुना ठेवतात तो ग्राहकाने हात लावून पाहावा म्हणून. नमुन्याला प्रत असते, प्रांत असतो, प्रसंगी भावही असतो. करणाऱ्याचे नाव मात्र नसते, कारण नाव लागले की तो नमुना राहत नाही, कोणाची तरी कृती होतो. बिदरचे जस्ताच्या मिश्रधातूवरील रुपेरी काम, हस्तिदंत आणि शिंगावरील कोरीवकाम, काळ्या शिसवीचे नक्षीदार सामान, जे. जे. कलाशाळेच्या प्रोत्साहनाने तयार झालेली मातीची रंगीत भांडी या सर्व वस्तू आजही तेथे मोठ्या दिमाखात आहेत आणि त्यांच्या सौंदर्याबद्दल दुमत होणार नाही. परंतु त्या पाहून बाहेर पडताना एकाही कारागिराचे नाव आपल्याबरोबर येत नाही.

येथे बर्डवुड यांचा विचार लक्षात घेणे अगत्याचे आहे. हिंदुस्थानी हस्तव्यवसायांवर मनापासून प्रेम करणारा हा ग्रंथकार. १८८० मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे हिंदुस्थानच्या औद्योगिक कलांवरील पुस्तक या विषयात पुष्कळ काळ प्रमाण मानले गेले. पण याच बर्डवुड यांनी १९१० मध्ये लंडनच्या एका सभेत बुद्धमूर्तीची तुलना उकडलेल्या पुडिंगशी केली आणि हिंदुस्थानात ललितकला म्हणून काही नाही असे सुचविले. त्यावर हॅवेल, रोथेनस्टाइन प्रभृतींनी केलेला निषेध कलेतिहासाच्या विद्यार्थ्यांना ठाऊकच आहे. सामान्यतः हे विधान म्हातारपणीचा तोल सुटल्याचा प्रकार म्हणून सोडून देण्यात येते. आमच्या मते ते त्यांच्या आयुष्यभराच्या भूमिकेशी पूर्ण सुसंगत होते. येथील माणसाचा हात कुशल आहे, परंतु त्या हातामागे स्वतंत्र प्रज्ञा नाही, असे एकदा गृहीत धरले की हाताचे कौतुक आणि मूर्तीची हेटाळणी ही एकाच वाक्याची दोन अंगे ठरतात. भायखळ्याची कपाटे या वाक्याच्या पहिल्या अंगाने लावलेली आहेत.

विसाव्या शतकात संस्थेला उतरती कळा लागली. प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम १९२२ मध्ये सुरू झाल्यावर पुराणवस्तू आणि ललितकला यांचे माहेरघर तिकडे गेले. भायखळ्याकडे उरला तो मुंबई शहराचा स्थानिक इतिहास आणि प्राणिसंग्रहालय पाहायला आलेल्या गर्दीचा ओघ. पुढील काही दशकांत छत गळत राहिले, रंग उडाले आणि जुनी कपाटे धुळीने भरली. २००३ मध्ये मुंबई महानगरपालिका, जमनालाल बजाज प्रतिष्ठान आणि इन्टॅक यांच्यात करार होऊन जीर्णोद्धाराला प्रारंभ झाला. त्या कामाला २००५ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि २००८ च्या आरंभी संग्रहालय पुन्हा उघडले. विलायतेहून आणलेले ओतीव लोखंडाचे खांब, वरच्या सज्जाचे कठडे, हिरव्या रंगावर चढविलेले सोनेरी काम, मिंटनच्या फरशा, जुनी लाकडी कपाटे यांना जे तेज आले आहे ते पाहिल्यावर या श्रमांविषयी आदरच वाटतो. आपल्याकडे जीर्णोद्धार म्हणजे जुन्यावर ऑइलपेंटचा हात फिरविणे, ही समजूत एवढी पक्की आहे की हा अपवाद मुद्दाम नोंदविला पाहिजे.

तथापि या यशानेच एक नवी अडचण निर्माण केली. इमारत इतकी देखणी झाली की ती स्वतःच सर्वांत मोठी प्रदर्शनवस्तू ठरली. प्रेक्षक कपाटातील वस्तू पाहतो तो कपाटासकट, आणि कपाट पाहतो तो खांबांसकट. एकोणिसाव्या शतकाने हिंदुस्थानकडे कसे पाहिले ते पाहणे हाच येथला मुख्य अनुभव झाला आहे. हे वावगे नाही. संग्रहालयाने स्वतःचाच इतिहास मांडावा, यात प्रामाणिकपणा आहे. मात्र पाहण्याची ती रीत जशीच्या तशी उजळून ठेवणे आणि त्या रीतीची चिकित्सा करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सोनेरी रंगाच्या झळाळीत पहिली गोष्ट सहज साधते आणि दुसरी निसटून जाते.

ती कोठे निसटते ते पाहण्यास मातीच्या प्रतिमांइतके चांगले स्थळ नाही. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत, जे. जे. कलाशाळेशी संबंधित अभिरक्षकांच्या देखरेखीखाली, या संग्रहालयासाठी लहान लहान मूर्ती आणि देखावे तयार करण्यात आले. निरनिराळ्या जातिजमातींचे स्त्रीपुरुष, त्यांचे पोशाख, व्यवसाय, खेळ, गावाकडची दृश्ये, तऱ्हेतऱ्हेची शिरोभूषणे घातलेली मस्तके असा हा संभार आहे. त्यामागील कल्पना नवी नव्हती. विल्यम जॉन्सन याने मुंबईच्या ‘जाती आणि वंश’ यांची छायाचित्रे दोन भागांत १८६३ आणि १८६६ मध्ये प्रसिद्ध केली होती. जनगणनेचे अहवाल, गॅझेटिअरे, सचित्र ग्रंथ यांतून तोच विचार पुढे चालला होता. प्रत्येक जातीचा एक चेहरा, एक पोशाख, एक हत्यार. व्यक्ती ही जातीचे उदाहरण. वखारीतला नमुना आता माणसाच्या रूपाने कपाटात येऊन उभा राहिला, एवढाच फरक.

आणि तरीही या प्रतिमा पाहताना केवळ चीड येत नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. घडविणाऱ्याचा हात त्याला दिलेल्या कामाच्या पुष्कळ पुढे गेला आहे. जातीचा नमुना करावयाचा तर पोशाख बिनचूक असला म्हणजे काम भागते. पण येथे खांदा किंचित झुकतो, कमरेवरचा हात कंटाळा दाखवितो, नेसूच्या चुण्यांत चालण्याची लय उमटते. ज्याने हे केले तो पुस्तकातील तक्ता पाहून करीत नव्हता. तो रस्त्यावरून येताना माणसे पाहत होता. मराठी प्रेक्षकाला या मूर्ती आणखी एका कारणाने ओळखीच्या वाटतात. दिवाळीच्या किल्ल्यावर मुले मातीची चित्रे मांडतात, त्यांतही गवळण असते, वाणी असतो, शिपाई असतो, पाणी भरणारी बाई असते. तीही चित्रे म्हणजे ठरावीक साचेच. कुंभाराने दरसाल त्याच त्या साच्यातून काढलेले. मग भायखळ्याच्या कपाटाशी आपले भांडण काय? भांडण मांडणीचे आहे. किल्ल्यावर वाण्याला कोठे बसवायचे, गवळणीने कोणत्या वाटेने चढायचे, हे मूल ठरविते; दुसऱ्या दिवशी ते बदलते; पाऊस आला तर सर्वांना उचलून घरात नेते. ती चित्रे एका गोष्टीत शिरतात. कपाटातील मूर्तींना गोष्ट नाही, त्यांना केवळ अनुक्रम आहे.

हा भेद अधिक स्पष्ट व्हावा म्हणून एका समकालीन ग्रंथाचा दाखला देतो. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गाव-गाडा’ १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला; म्हणजे मातीचे देखावे आणि हा ग्रंथ साधारण एकाच काळातले. विषयही एकच, गावातील माणसे आणि त्यांचे व्यवसाय. आत्रे हे महसूल खात्यातील अधिकारी. त्यांची दृष्टी पुष्कळदा कठोर, बलुतेदारांना आणि भटक्या जमातींना अन्याय करणारी. त्यांचे निष्कर्ष आज कोणी जसेच्या तसे स्वीकारणार नाही. परंतु त्यांच्या पुस्तकात सुतार एकटा उभा नाही. त्याचे बलुते किती, खळ्यावर ते कोण मोजतो, त्यात कोण कसा हात मारतो, कुणब्याने कुरकुर केली तर पुढे काय होते, या व्यवहारात तो सापडतो. आत्र्यांचा सुतार आपल्याला आवडो न आवडो, त्याला देणे आहे, घेणे आहे, भांडण आहे. कपाटातील कारागिराला फक्त हत्यार आहे. एकाच विषयावरील दोन मांडण्या शेजारी ठेवल्या, तर पूर्वग्रह दोन्हीकडे आढळतील. ज्ञान मात्र तेथे अधिक आढळेल जेथे माणसामाणसांतील संबंध दाखविला आहे. संग्रहालयाने अशा ग्रंथातील चार उतारे या मूर्तींशेजारी मांडले, तर एकही मूर्ती न हलविता ते कपाट बोलू लागेल. एवढ्या स्वस्त उपायाचा विचार आपल्या संग्रहालयशास्त्रात क्वचितच होतो. आपली उडी एकदम यांत्रिक पडद्यांवर जाते.

कपाटांना बोलते करण्याचा एक वेगळा प्रयत्न या संस्थेने केला आहे आणि त्याचा परामर्श घेतल्याशिवाय विवेचन एकांगी होईल. २०१० च्या सुमारास समकालीन चित्रकार-शिल्पकारांना आमंत्रित करून जुन्या संग्रहाच्या सान्निध्यात नवी कामे मांडण्याचा उपक्रम तेथे सुरू झाला. सुदर्शन शेट्टी, जितीश कल्लाट, रंजनी शेट्टर, अतुल डोडिया अशा नामवंतांनी त्यात भाग घेतला. २०११ च्या प्रदर्शनात कल्लाट यांनी बांबूच्या पराच्या रूपातील एक मोठी शिल्पमालिका दालनात उभी केली होती. परातीच्या बांधणीचे दोर, काठ्या, गाठी सर्व हुबेहूब. पण काठ्या कृत्रिम द्रव्यातून ओतलेल्या आणि त्यांवर बोरीबंदर स्थानकाच्या दगडी नक्षीतील पशुपक्षी चढलेले. नुकताच जीर्णोद्धार झालेल्या दालनात पुन्हा परात उभी पाहून काही प्रेक्षकांना डागडुजी चालू आहे असे वाटले असेल, तर त्यांचा समज चुकीचा होता असे म्हणवत नाही. जीर्णोद्धार संपलेला नाही, इतिहासाची डागडुजी चालूच आहे, हा अर्थ त्या भ्रमातूनच हाती येतो. त्याच कलावंताने दंगलीतील माणसांच्या लहान लहान रंगीत प्रतिमाही येथे मांडल्या होत्या. मारणारे, पळणारे, खाली पडलेले, अशी ती माणसे आकाराने आणि रंगाने थेट कपाटातील जुन्या मूर्तींची भावंडे. जेथे माणूस जातीचा नमुना म्हणून शांतपणे उभा आहे, तेथेच त्या नमुनेदारीचे रस्त्यावर काय होते ते दाखविणारी ही मूर्तिमाला. १९९२-९३ च्या मुंबईची आठवण असणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. आमच्या मते या संपूर्ण उपक्रमात जुन्या संग्रहाशी इतका नेमका संवाद थोड्यांनीच साधला.

डोडिया यांचे २०१४ मधील प्रदर्शन भारतात सात हजार संग्रहालये असावीत अशा कल्पनेवर आधारलेले होते. लहानसान गावांसाठी कल्पिलेल्या संग्रहालयांची चित्रे आणि वस्तूंची कपाटे असे त्याचे स्वरूप होते. कल्पना रम्य आहे, आणि गंभीरही. पण आडगावचे संग्रहालय भायखळ्याच्या सोनेरी दालनात चित्ररूपाने पाहणे आणि तेर किंवा औंध येथे जाऊन तेथले खरे संग्रहालय पाहणे यांत जे अंतर आहे, त्याची जाणीव चित्रांपेक्षा प्रेक्षकालाच अधिक बाळगावी लागत होती. मराठवाड्यातील तेरचा संग्रह एका स्थानिक गृहस्थाच्या छंदातून उभा राहिला. औंधचा संग्रह एका चित्रकार संस्थानिकाच्या. कल्पनेतील सात हजारांपैकी हे दोन तरी आधीच अस्तित्वात आहेत.

या उपक्रमासंबंधी खरा आक्षेप वेगळाच आहे आणि तो कलावंतांच्या गुणवत्तेविषयी नाही. अशी कामे समजण्यासाठी जो संस्कार लागतो तो कलादालनांत वावरणाऱ्यांजवळ असतो. भायखळ्याचा बहुसंख्य प्रेक्षक तेथून येत नाही. तो शेजारच्या बागेतून येतो. पोराबाळांना घेऊन, डबा बांधून, प्राणी पाहून झाल्यावर सावलीसाठी. मुंबई दाखवायला आणलेले गावाकडचे पाहुणे त्याच्याबरोबर असतात. त्याला कोणी हाकलत नाही, प्रवेशशुल्कही फारसे नाही. तरी नव्या कामांपाशी तो काही क्षण थांबतो आणि मुकाट्याने पुढे सरकतो. ज्या वस्तूंविषयी त्याला सर्वांत अधिक ठाऊक आहे, त्या वस्तूंविषयीच त्याला कोणी काही विचारीत नाही.

याचे एक लहानसे प्रत्यंतर प्रस्तुत लेखकाने पाहिले आहे. पगड्या-पागोट्यांच्या मस्तकांसमोर एक वृद्ध गृहस्थ आपल्या नातवाला घेऊन उभे होते. त्यांनी पाटीकडे पाहिले नाही. एकेका मस्तकाकडे बोट दाखवून ते सांगत होते: हे बांधलेले पागोटे, ही तयार पगडी, म्हणजे डोक्यावर नुसती ठेवायची, ही आपल्याकडे लग्नात मुलाच्या मामाला, असला फेटा आजोबा बाजाराला जाताना बांधायचे, आणि उन्हात पाणी काढायला हाच सोडून दोरासारखा वापरायचे. शेवटचे वाक्य ऐकून नातू हसला. पागोट्याचा असा उपयोग कोणत्याही सूचिपत्रात नोंदलेला आमच्या पाहण्यात नाही. जातीचे चिन्ह म्हणून कपाटात गेलेली वस्तू त्या एका वाक्याने पुन्हा विहिरीच्या काठावर आली. पहारेकऱ्याने काचेला हात न लावण्याविषयी सूचना केली आणि आजोबा-नातू पुढे गेले. त्यात पहारेकऱ्याची काही चूक नव्हती. काचेला हात लावू नयेच. परंतु ते वाक्य टिपून घेणारे त्या इमारतीत कोणी नव्हते, आणि प्रस्तुत लेखकानेही ते गृहस्थ कोठले हे विचारले नाही, याची खंत आजतागायत आहे.

संग्रहालयातील कार्यक्रमांची कसोटीही याच अनुषंगाने लावता येईल. या संस्थेत व्याख्याने होतात, मुलांसाठी कार्यशाळा होतात, आधुनिक कलेच्या इतिहासाचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम चालविला गेला आहे. ‘जुनून’ या नाट्यसंस्थेच्या सहकार्याने ‘मुंबई लोकल’ नावाची विनामूल्य संवादमाला येथे सुरू झाली; कलावंत, शास्त्रज्ञ, विचारवंत यांनी सर्वसामान्यांशी बोलावे असा तिचा हेतू. हेतू स्तुत्य आहे आणि विनामूल्यतेचे मोल कमी लेखू नये. परंतु या सर्व कार्यक्रमांत ज्ञानाची दिशा व्यासपीठाकडून खुर्च्यांकडे अशी एकेरी राहते. संग्रहालयाभोवती एके काळी गिरणगाव होते. हिंदुस्थानातली पहिली यशस्वी कापडगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला स्थापन केली आणि त्याच सुमारास या संग्रहाची कल्पना निघाली. हातमागाचे नमुने कपाटात जमत होते तेव्हा दीडदोन मैलांवर यंत्रमाग बसत होता. पुढील सव्वाशे वर्षे भोवतालच्या चाळींत कोकणातून, घाटावरून आलेल्या माणसांनी भजनी मंडळे, कामगार रंगभूमी, शाहिरी, खानावळी, तालमी यांचे एक जग उभे केले. १९८२ च्या संपानंतर गिरण्या थंडावल्या आणि ते जग विखुरले. त्या जगातील मागावर काम केलेली माणसे आता थकली आहेत. त्यांपैकी जी हयात आहेत, त्यांना श्रोते म्हणून नव्हे तर माहीतगार म्हणून खुर्चीवर बसविणारा कार्यक्रम हा स्थानिक इतिहासाच्या संग्रहालयाचा पहिला कार्यक्रम असावयास हवा. वस्त्रांच्या कपाटासमोर साचेवाल्याने सूत तुटले की ते कसे सांधीत, हे दाखविणे म्हणजे करमणूक नव्हे. ती वस्तुसूचीच आहे.

येथे पुन्हा भाऊ दाजींकडे येतो. गोव्यात जन्मलेले, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या पदवीधरांपैकी एक, मुंबईचे पहिले हिंदी शेरीफ, कुष्ठरोगावरील औषधाचा ध्यास घेतलेले वैद्य, हे त्यांचे चरित्र सर्वपरिचित आहे. विष्णुदास भाव्यांची नाटकमंडळी १८५३ मध्ये मुंबईत आली तेव्हा तिला ज्यांचे साहाय्य झाले त्यांत भाऊ दाजी होते. म्हणजे सांगलीकडच्या खेळाला शहरी रंगमंच मिळवून देण्याचे काम त्यांनी केले. पण संग्रहालयाच्या दृष्टीने त्यांचे सर्वांत अर्थपूर्ण कार्य पुरालेखांचे आहे. जुनागढ, अजिंठा येथील लेखांवरील त्यांचे निबंध प्रसिद्ध झाले, त्यांच्यामागे जुनागढच्या भगवानलाल इंद्रजींचे कष्ट होते. १८३९ मध्ये जन्मलेला हा तरुण इंग्रजी विद्येशिवायच गिरनारच्या खडकावरील अक्षरे लावीत होता. भाऊ दाजींनी त्याला मुंबईस बोलावून घेतले आणि लेखांच्या नकला घेण्यासाठी देशभर पाठविले. बर्डवुड यांच्या चौकटीत भगवानलाल हा काठेवाडी पोशाखातील एक मातीची मूर्ती झाला असता. भाऊ दाजींनी त्याच्यातील वाचक ओळखला. अर्थात निबंध वाचले गेले ते भाऊ दाजींच्या नावावर, आणि भगवानलालांची स्वतंत्र कीर्ती पुढे झाली. तेव्हा हातामागचे नाव उशिरा उजेडात येण्याचा दोष आपल्या पूर्वसूरींकडेही काही अंशी जातो, हे मान्य करणेच बरे. भाऊ दाजींची हस्तलिखिते त्यांच्या पश्चात रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेकडे गेली. म्हणून त्यांच्या नावाच्या संग्रहालयात त्यांची विद्या नाही आणि त्यांची विद्या जेथे आहे तेथील दारावर त्यांचे नाव नाही.

दालनाबाहेरच्या हिरवळीवरील मांडणी याबाबत आतल्यापेक्षा अधिक बोलकी आहे, आणि तीही कोणी हेतुपूर्वक न लावता. १९६५ मध्ये शहरातील रस्त्यांवरून काढलेले इंग्रज अधिपतींचे पुतळे या परिसरात आणून ठेवले गेले. काळ्या घोड्यावरील सातवे एडवर्ड त्यांतच आहेत; त्यांच्या मूळ जागी २०१७ मध्ये स्वाराविना घोडा बसविण्यात आला. आणि तेथेच घारापुरीचा दगडी हत्ती आहे, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी त्या बेटाला नाव दिले. १८६४ मध्ये तो विलायतेला नेण्यासाठी उचलण्याचा प्रयत्न झाला, यारी तुटली आणि हत्ती फुटला. त्याचे तुकडे या बागेत आणले गेले आणि पन्नास वर्षांनी, १९१४ च्या सुमारास, पुन्हा सांधून उभे केले गेले. तो कोणत्या हेतूने उचलला गेला, कोठे पडला आणि कोणाच्या हाती लागला, हे सर्व त्याच्या अंगावर आहे. संग्रहालयात वस्तू कशी येते, या प्रश्नाचे एवढे स्पष्ट उत्तर आतील एकाही कपाटात नाही.

आपल्या विभागातील विद्यार्थ्यांना या निमित्ताने दोन कामे सुचवावीशी वाटतात. मातीच्या मूर्ती घडविणाऱ्यांची नावे कोठे आढळतात काय, हे कलाशाळेचे वार्षिक अहवाल, महापालिकेच्या खर्चाच्या नोंदी आणि संग्रहालयाचे जुने अहवाल ताडून पाहावे. मूर्तीमागे पैसे दिले गेले असतील तर घेणाऱ्याची सही किंवा अंगठा कोठेतरी उमटला असला पाहिजे. आणि दुसरे, एखाद्या सुट्टीच्या दिवशी दुपारी पगड्यांच्या कपाटाशेजारी वही घेऊन उभे राहावे.